प्रयोग करताना काय बदलायचं आणि काय तसंच ठेवायचं

कणकवलीच्या एका तरुणाने विचारलंय: "तीन वर्षं फोटोग्राफी करतोय, सायनोटाइपचं म्हणजे उन्हात निळे प्रिंट करायचं सामान आणलंय, दोन वर्षं कराटे शिकतोय. दर आठवड्याला एखादं नवीन तंत्र करून बघतो. लाँग एक्स्पोजर (शटर बराच वेळ उघडं ठेवून), कॅमेरा मुद्दाम हलवून फोटो, डबल एक्स्पोजर (एकावर एक दोन फोटो), निळे प्रिंट. एकदा जमतं, पुन्हा केलं की जमत नाही. कराटेत काही वेगळं केलं तर सेन्सेई (कराटेचे गुरू) थांबवतात. स्वतःचं काहीतरी वेगळं सापडायला काय करू? आणि उजेड कमी करणारा दहा स्टॉपचा एनडी फिल्टर घ्यावा का?"

मी वेंगुर्ल्यात वडिलांनी सुरू केलेला फोटो स्टुडिओ गेली चोवीस वर्षं चालवते. सायनोटाइप अकरा वर्षं करतेय आणि संध्याकाळी मुलींना कराटे शिकवते. त्यामुळे तुमच्या तिन्ही गोष्टींवर थोडंथोडं बोलू शकते.

तुम्ही विचारलंय वेगळं तंत्र कसं सापडेल. पण तुमची खरी अडचण तुम्हीच मध्ये लिहून गेला आहात: एकदा जमतं, पुन्हा जमत नाही. एकदा जमलेलं पुन्हा का जमत नाही हे कळत नाही, म्हणून तुम्ही कंटाळून पुढच्या तंत्राकडे जाता. तिथेही तेच होतं. नवीन तंत्रांची कमतरता तुम्हाला नाही. जे केलंत त्यातलं काय कशामुळे झालं, याची नोंद नाही.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या मला माहीत नाहीत. रोज तासभर मिळतो की फक्त रविवार, समुद्रावर किती वेळा उतरता येतं, सायनोटाइप वाळवायला अंधारी खोली आहे का. रविवारच मिळत असेल तर फोटोग्राफी आणि सायनोटाइप यांतलं एकच पावसाळ्यापर्यंत धरा. रोजचा वेळ असेल तर दोन्ही चालतील. कराटे मात्र सोडू नका, त्याचं कारण पुढे येईल.

आमच्या स्टुडिओत मागच्या बाजूला वडिलांचा डार्करूम होता. एन्लार्जरखाली (निगेटिव्हचं चित्र कागदावर मोठं पाडणारं यंत्र) मोठा कागद लावण्याआधी ते त्याच कागदाची एक पट्टी कापून घ्यायचे. पट्टीवर पुठ्ठा धरायचा, पाच सेकंद उजेड द्यायचा, पुठ्ठा बोटभर सरकवायचा, पुन्हा पाच सेकंद, असं चार-पाच वेळा. डेव्हलपरमध्ये, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या द्रावणात, टाकली की एकाच पट्टीवर पाच, दहा, पंधरा, वीस, पंचवीस सेकंदांचे टप्पे शेजारी शेजारी उमटायचे. लाल दिव्याखाली ती पट्टी हळूहळू काळवंडताना बघणं हे माझ्या लहानपणातलं सगळ्यात आवडीचं काम. एकदा मी घाईने कागदाचा ग्रेड (कॉन्ट्रास्टची जात) आणि वेळ दोन्ही बदलले, तेव्हा त्यांनी पट्टी माझ्यासमोर धरली आणि म्हणाले, "सगळा एकदम बदललंस तर चुकला खंय ता कळतला कसा?"

हे वाक्य मला तेव्हा समजलं असं वाटलं होतं. खरं समजलं ते सायनोटाइपने रडवल्यावर.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सायनोटाइप ही जॉन हर्शेल यांनी १८४२ मध्ये शोधलेली पद्धत. फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड अशी दोन द्रावणं वेगवेगळी ठेवायची. मी पहिल्याचे २५ ग्रॅम आणि दुसऱ्याचे १० ग्रॅम प्रत्येकी १०० मिलिलिटर पाण्यात घेते. लागेल तेवढं समान भागात मिसळायचं, साध्या पिवळ्या दिव्याच्या उजेडात कागदाला ब्रशने लावायचं आणि अंधारात वाळवायचं. वर पान किंवा निगेटिव्ह ठेवून उन्हात धरलं की अतिनील किरणांनी रंग बदलतो. मग साध्या पाण्यात धुतलं की न बदललेलं पिवळं निघून जातं आणि निळा रंग राहतो. पुढच्याच वर्षी, १८४३ पासून, इंग्लंडमध्ये अ‍ॅना अ‍ॅटकिन्स यांनी याच पद्धतीने समुद्रशैवालांची चित्रं छापायला सुरुवात केली. ओहोटीला खडकांत सापडलेलं शैवाल कागदावर ठेवताना मला त्यांची नेहमी आठवण येते.

तर माझ्या दुसऱ्या वर्षी झालं असं. आठवडाभर केलेले प्रिंट धुताना छान निळे दिसायचे, आणि सकाळी दोरीवर पाहावं तर निळा फिका पडून कडेला पिवळट झालेला. मला वाटलं, रसायन जुनं झालं, म्हणून नवीन आणलं. त्याच दिवशी कागदही बदलला. त्याच दिवशी ऊन द्यायची वेळही वाढवली, कमी पडत असेल या समजुतीने. प्रिंट तसेच फिके. मग पुन्हा तिन्ही बदलले. जवळजवळ महिना गेला आणि मी ठरवून टाकलं होतं की आपल्या दमट हवेत हे होणारच नाही.

शेवटी वडिलांची पट्टी आठवली. एकाच कागदाच्या सहा पट्ट्या कापल्या, एकाच द्रावणाने एकाच वेळी रंगवल्या, एकाच वेळी उन्हात ठेवल्या. फक्त धुण्याच्या जागा बदलल्या. तीन पट्ट्या नेहमीच्या प्लॅस्टिकच्या टबात, तीन नवीन बादलीत. बादलीतल्या तिन्ही सकाळी गडद निळ्या. टबातल्या तिन्ही फिक्या. तो टब घरात कपडे भिजवायलाही वापरला जायचा आणि त्याच्या खरखरीत तळाशी धुण्याच्या सोड्याचा थर होता. सायनोटाइपचा निळा अल्कली, म्हणजे सोड्यासारखा क्षार, सहन करत नाही, पाणी थोडं जरी अल्कलीकडे झुकलं तरी तो मरतो. अर्ध्या दिवसाच्या सहा पट्ट्यांनी जे सांगितलं ते महिनाभराच्या धडपडीने सांगितलं नव्हतं.

ही गोष्ट इतकी लांबवून सांगतेय कारण पुढचा भाग तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे. सोड्याने निळा जातो हे एकदा कळल्यावर मी तो मुद्दाम घालवायला लागले. प्रिंट पूर्ण वाळला की लिटरभर पाण्यात चमचाभर धुण्याचा सोडा घालून त्यात बुडवते. निळा डोळ्यांदेखत उतरतो आणि पिवळट भुरी आकृती उरते. कागदात तेव्हाही लोह असतंच. मग स्वच्छ पाण्याने खळबळून हिरड्याच्या काढ्यात ठेवते. हिरड्यातलं टॅनिन (तुरट द्रव्य) लोहाला धरतं आणि दहा-पंधरा मिनिटांत आकृती करडी, मग काळसर तपकिरी होत जाते. हिरडा आणि हिराकस (लोहाचा क्षार) यांची जुनी शाई याच जातीची. कडक चहानेही होतं, पण चहा कागदाचा पांढरा भागही रंगवतो. ऐनाच्या सालीचा काढाही करून पाहिला, कारण त्या सालीत मासेमारीची जाळी रंगवायची जुनी रीत होती. तिचा रंग हिरड्यापेक्षा तांबूस येतो आणि होडीच्या फोटोंना तो मला फार आवडतो. लोक त्याला माझं "वेगळं तंत्र" म्हणतात. ते शोधायला मी बसले नव्हते. नासलेल्या प्रिंटचं कारण पक्कं कळलं, म्हणून ते हाताशी आलं.

तेव्हा तुमचे जमलेले आणि न जमलेले निळे प्रिंट फेकू नका. प्रत्येकाच्या मागे पेन्सिलीने लिहा: तारीख, वाजले किती, ऊन किती मिनिटं, कागद कोणता, कशात धुतला. एवढंच. वेळेचं महत्त्व आपल्याकडे खास आहे. मेच्या पहिल्या आठवड्यात वेंगुर्ल्यात साडेबाराच्या सुमारास सूर्य अगदी डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. त्या उन्हात माझा प्रिंट सहा मिनिटांत होतो, डिसेंबरात दुपारी तीनला तोच कागद पंधरा मिनिटं मागतो. मेमध्ये जमलेलं डिसेंबरात तेवढ्याच वेळात करायला गेलात तर "पुन्हा जमत नाही" हे होणारच. (वापरायची भांडी वेगळी ठेवा, स्वयंपाकघरात परत नेऊ नका, हातमोजे घाला. फेरिसायनाइड तापवू नका आणि कडक अ‍ॅसिडजवळ नेऊ नका, त्यातून विषारी वायू निघू शकतो. धुतलेलं पाणी विहिरीजवळ ओतू नका.)

आणखी एक, वस्तू निवडतानाही कारण विचारा. मर्यादवेलीचं पान दिसायला फार सुंदर, मध्ये चिरलेलं, पण जाड असल्याने प्रिंटमध्ये त्याची फक्त पांढरी बाह्यरेषा येते. ओलं शैवाल अर्धपारदर्शक, त्यात आतल्या शिरा आणि छटा उतरतात. मात्र कागद आणि शैवाल यांच्यामध्ये पातळ प्लॅस्टिक घाला, नाहीतर खाऱ्या पाण्याचे डाग पडतील.

आता लाँग एक्स्पोजर. यात तुम्ही कदाचित फिल्टर, वेळ, जागा आणि दिवस सगळंच प्रत्येक वेळी बदलताय. समुद्राच्या बाबतीत तर दिवस बदलला की समुद्रच बदलतो. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे जाते. आपल्याकडचा जुना हिशेब म्हणजे तिथीची पाऊणपट. चतुर्थीला तीनच्या आसपास भरती, अष्टमीला सहाच्या आसपास, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या आसपास. हा ढोबळ हिशेब आहे, मिनिटं पाहायला भरती-ओहोटीचा तक्ता घ्या. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. म्हणजे पौर्णिमा-अमावास्येला संध्याकाळी पाच-साडेपाचला पूर्ण ओहोटी, तीही उधाणाची, पाणी खूप आत गेलेलं, आणि सूर्य मावळताना समोर रुंद ओला किनारा आरशासारखा. अष्टमीला त्याच वेळी भरती, पण भांगाची, म्हणजे पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. एकाच पुळणीवर, एकाच खडकासमोर, दोन वेगळे विषय. तुम्ही गेल्या महिन्यात अमावास्येला फोटो काढला असेल आणि या महिन्यात अष्टमीला पुन्हा तसाच काढायला गेला असाल, तर चूक तुमच्या हातात नव्हती, पंचांगात होती.

माझी पद्धत अशी: पौर्णिमा किंवा अमावास्येच्या पुढेमागे दोन दिवस, एकच खडक, ट्रायपॉडचे पाय त्याच जागी. आयएसओ १००, अ‍ॅपर्चर एफ ११ (पहिला आकडा कॅमेऱ्याची उजेडाला संवेदनशीलता, दुसरा लेन्सच्या छिद्राचा आकार), तिथून हलायचं नाही. बदलायची फक्त वेळ, मावळतीचा उजेड उतरेल तशी वाढवत: पाव सेकंद, अर्धा, एक, चार, पंधरा, तीस. घरी येऊन सहाही फोटो शेजारी लावा. पाव ते अर्ध्या सेकंदात परत जाणाऱ्या लाटेचा फेस वाळूवर रेघा ओढतो, प्रत्येक रेघ दिसते. चार सेकंदांत रेघा मिसळतात. तीसमध्ये पाण्याचं धुकं होतं. आमच्या किनाऱ्यावर शांत दिवसात एक लाट येऊन परत जायला दहा-बारा सेकंद लागतात हे मी घड्याळ लावून मोजलंय. म्हणून तीस सेकंदांत दोन-तीन लाटा एकमेकींवर चढतात आणि कोणाचाच आकार उरत नाही. मला स्वतःला ते धुकं आवडत नाही. समुद्राचं वागणं त्यात पुसलं जातं. अर्ध्या सेकंदातला फेस मला समुद्राजवळचा वाटतो. तुम्हाला उलट वाटू शकतं, पण सहा फोटो शेजारी लावल्याशिवाय तुमची आवड तुम्हालाच कळणार नाही.

कॅमेरा हलवून किंवा मंद शटरने फोटो काढायचे असतील तर रापणीला जा. मालवणला चिवल्यावर किंवा निवतीला सकाळी विचारलंत तर कळेल रापण कधी आहे. होडीतून जाळं अर्धवर्तुळात टाकलेलं असतं आणि दोन्ही टोकांच्या दोऱ्या किनाऱ्यावरून माणसं ओढत असतात. ओढण्याला ताल असतो: सगळे एकदम मागे झुकतात, क्षणभर थांबतात, पुन्हा झुकतात. एक पंधरांश सेकंदात झुकताना काढलं तर सगळं विरघळतं. पण दोरी ताणून माणसं जिथे क्षणभर थांबतात तिथे शटर दाबलं तर दोरीवरचे हात स्पष्ट येतात आणि पाणी, पाय, वाळू वाहती राहते. हा फोटो मला पहिल्या दिवशी मिळाला नाही. तीन सकाळी मी कॅमेरा बाजूला ठेवून दोरी ओढली. कधी थांबायचं ते पाठीला कळलं, मग बोटाला कळलं. आणि विचारल्याशिवाय कॅमेरा काढू नका, ती माणसं कामावर आहेत.

आमच्या कोकणातल्या दशावतारी नाटकातही हेच. जत्रेत रात्री काढलेल्या फोटोंवर आडवे काळे पट्टे येतात अशी तक्रार बरेच जण करतात. आपली वीज ५० हर्ट्झची, ट्यूब आणि बरेच एलईडी सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होतात. शटर शंभरांश किंवा पन्नासांश ठेवलं तर बहुतेक वेळा पट्टे जातात. फ्लॅश वापरू नका, रंगवलेला चेहरा सपाट होतो आणि पुढच्या रांगेतल्यांचा रसभंग होतो. पण मला दशावतार इथे आठवला तो दुसऱ्याच कारणाने. या नाटकाला लिहिलेली संहिता नसते, संवाद कलाकार तिथल्या तिथे बोलतात. तरी गणपती आधी, संकासुर कधी, युद्धाचा ताल कोणता, हे पक्कं असतं. पेटी आणि पखवाज तो पक्केपणा धरून ठेवतात म्हणून राजाचं काम करणारा बिनधास्त नवीन वाक्य टाकू शकतो. सावंतवाडीला चितारआळीत लाकडी खेळणी करणाऱ्या एका जुन्या कारागिराने मला हीच गोष्ट कामातून दाखवली. लेथवर फिरणाऱ्या लाकडाला लाखेची कांडी टेकवली की घर्षणाने लाख वितळून चढते, वरून केवड्याच्या पानाने चकाकी येते. नवीन रंगाची मिसळ करून पाहायची तर ते ती भोवऱ्यावरच पाहत. भोवरा त्यांचे हात झोपेत करतील, म्हणून सगळं लक्ष रंगावर राहतं.

आता कराटे. सेन्सेई थांबवतात याचा तुम्हाला राग आलेला दिसतो. मी त्यांच्या बाजूची आहे. काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींचा क्रम, बदलूच नये असं नाही. ओकिनावात इतोसू आन्को यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शाळेतल्या मुलांसाठी पिनान काता बसवल्या, पुढे त्यांचे शिष्य फुनाकोशी गिचिन यांनी जपानमध्ये त्यांना हेइआन हे नाव दिलं. म्हणजे बदल झाले. पण ते आयुष्य त्यात घालवलेल्या माणसांनी केले. दोन वर्षांत तुमचं शरीर अजून भोवरा करायला शिकतंय. तिथे आकार बदललात तर वडिलांच्या शब्दांत, चुकलं कुठे ते कळणार नाही. आकार तसाच ठेवून प्रयोग करायला भरपूर जागा आहे: गती, श्वास, अंतर. आणि सेन्सेईंना बुंकाई मागा, म्हणजे कातातली हालचाल जोडीदारावर उलगडून पाहणं. तिथे प्रश्न विचारायचाच असतो.

एक प्रयोग मी मुलींकडून दर हिवाळ्यात करून घेते, तो तुम्हाला तुमच्या तिन्ही गोष्टींसाठी उपयोगी पडेल. अमावास्येच्या संध्याकाळी, पाणी उतरलेलं असताना, ओल्या घट्ट वाळूवर हेइआन शोदान, म्हणजे हेइआनमधली पहिली काता, करायची. एकवीस हालचाली, फक्त एकदा, हळू. मग बाजूला होऊन स्वतःची पावलं बघायची. मागच्या वर्षी एक मुलगी मला शपथेवर सांगत होती की ओई-झुकी (पाऊल पुढे टाकून ठोसा) मारताना तिची मागची टाच जमिनीवर असते. वाळूवर तिच्या मागच्या पायाची फक्त बोटं आणि चवडा उमटला होता, टाचेच्या जागी गुळगुळीत ओली वाळू. तीन ठोसे, तिन्हीला तसंच. ती उकिडवी बसून बराच वेळ बघत राहिली, मला काही बोलावं लागलं नाही. मग चार हात पुढे जाऊन तिने तीच काता केली, या वेळी लक्ष फक्त त्या टाचेवर. दोन ओळी शेजारी शेजारी, मावळतीचं तिरकं ऊन पडलेलं, प्रत्येक ठशात सावली. मी त्याचा फोटो काढला आणि पुढे त्याचा प्रिंट ऐनाच्या सालीत केला. तो क्लासच्या भिंतीवर आहे.

हे कोरड्या भुसभुशीत वाळूत करू नका. वळताना पाय रुततो, फिरत नाही आणि सगळा पीळ गुडघ्यावर येतो. वळणं ओल्या वाळूवर आणि हळूच.

तर एवढ्यापुरतं सांगायचं तर: पावसाळ्यापर्यंत एक जागा, एक काता, एक जातीचा कागद. बदल एका वेळी एक, आणि मागे पेन्सिलीने नोंद.

फिल्टरचं. एका स्टॉपला उजेड निम्मा होतो, म्हणून दहा स्टॉपचा एनडी उजेड सुमारे हजारपट कमी करतो, म्हणजे साठांश सेकंदाचं एक्स्पोजर सतरा सेकंदांवर जातं. भर दुपारी त्याचा उपयोग आहे, पण मी सांगितलेल्या सहा फोटोंना तो लागत नाही. सूर्य बुडाल्यावर वीसेक मिनिटांनी आयएसओ १०० आणि एफ ११ ला शटर आपोआप सेकंदांत येतं. पाव-अर्धा सेकंद हवं असेल तर थोडं आधी सुरू करा, तीस हवं असेल तर थोडं उशिरापर्यंत थांबा. पैसे आत्ता ट्रायपॉडवर घाला, पाय वाळूत रुतले तरी न हलणारा, आणि घरी आल्यावर त्याचे सांधे गोड्या पाण्याने धुवा. येत्या अमावास्येला साडेचारपर्यंत किनाऱ्यावर पोचा, सोबत एक जुना टॉवेल ठेवा, लेन्सवर खारा शिडकावा बसतोच. सहा फोटो झाले की इथे टाका, शेजारी शेजारी, कुठलाही न वगळता. मग त्यावर बोलू.